चक्रीबाहेरचा तान्हा पोळा

असं समजा, तुमच्या मोहल्ल्यात एक मोकळं मैदान आहे. कोपऱ्यात कडुनिंब, मधे पायांनी तुडवून टणक झालेली माती, कडेला थोडं गवत. सकाळी तिथे म्हातारी माणसं फिरतात, दुपारी शेळ्या चरतात, संध्याकाळी तुम्ही खेळता. आता मोठी माणसं म्हणाली, "ह्याची बाग करू." सगळीकडून भिंत येणार आणि आत जायला एकच दार असणार. तुम्हाला विचारलं, दार कुठे ठेवू?

घाई करू नका. आधी मनातल्या मनात मैदानाला एक चक्कर मारून या. कोण कोणत्या गल्लीतून येतं, कोणाच्या डोक्यावर काय असतं, कोणाच्या हातात काय असतं, ते पाहा. मग दाराची जागा ठरवा आणि ती लक्षात ठेवा. आपल्याला शेवटी ती लागणार आहे.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या आमच्या मोहल्ल्यात असं मैदान होतं. एकोणीसशे ऐंशीनंतरच्या दोनचार वर्षांतली ही गोष्ट. तिथे कालिंदी नावाची मुलगी शाळेतल्या मुलींबरोबर खो-खो खेळायची. येणाऱ्या उन्हाळ्यानंतर हायर सेकंडरीच्या शेवटच्या वर्गात जाणार होती. पळण्यात वाऱ्यासारखी आणि बोलण्यात त्याहून जोरात. तिची मैत्रीण अंजना संघाची कप्तान. मैदान आखायची फक्की, म्हणजे चुन्याची पांढरी भुकटी, एका डब्यात भरून अंजना घरी सांभाळायची.

त्या उन्हाळ्याआधी ह्या मुली छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीनं जबलपूरला सामने खेळायला गेल्या होत्या. हरून आल्या. पण कालिंदी हरल्यासारखी दिसत नव्हती. परतताना लामत्याच्या स्टेशनवर बाकीच्या मुली भजी घ्यायला उतरल्या, तर ही खिडकीतून बाहेर बघत स्वतःशीच हसत होती.

झालं होतं असं, की सामन्याच्या पंचबाईंशी तिची ओळख झाली होती. त्या बाई ग्वाल्हेरला शिकलेल्या. त्यांनी सांगितलं की तिथल्या शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात फक्त कवायत शिकवत नाहीत. बाग कुठे असावी, मैदान कोणासाठी आखायचं, सुट्टीत मुलांची शिबिरं कशी भरवायची, कामावरून सुटलेल्या माणसानं संध्याकाळी कुठे जावं, म्हाताऱ्या माणसांचा दिवस कसा जावा, ह्याचाही तिथे अभ्यास असतो. लोकांचा रिकामा वेळ आणि त्यांचं खेळणं-फिरणं हे एक काम आहे. त्याच्या नोकऱ्या आहेत आणि त्या नोकऱ्या बायकाही करतात.

घरी आल्यावर रविवारी जेवताना कालिंदीनं सांगून टाकलं, "मले ग्वाल्हेरले शिकाले जायचं आहे."

तिचे वडील त्र्यंबकराव सरकारी ओव्हरसियर होते. पूल, रस्ते, शाळेच्या इमारती, असली कामं त्यांनी आयुष्यभर केलेली. त्या दिवशी त्यांचे मोठे भाऊ गुणाकरराव जेवायला आले होते. ते कोर्टात वकील, आणि घरातही वकीलच.

"काय शिकाले?" गुणाकररावांनी विचारलं.

"बागा, मैदानं, खेळ. लोकांचा रिकामा वेळ."

गुणाकररावांनी घास खाली ठेवला. "रिकाम्या वेळाचं कॉलेज? मग ग्वाल्हेरले काहून जातं बाई? आपल्या बसस्टँडवर बसले आहेत ना, सारेच्या सारे प्रोफेसर व्हायच्या लायकीचे!"

त्र्यंबकरावांना ठसका लागेपर्यंत हसू आलं. पाणी पिऊन ते म्हणाले, "हुंदडाले कॉलेज निघालं, आता झोपाचंही काढतीन."

"हसा," कालिंदी म्हणाली. "मलाजखंडले तांब्याच्या खाणीची एवढी मोठी वसाहत होऊन राह्यली. तिथं क्लब पाह्यजे, मैदान पाह्यजे, बाग पाह्यजे. हे कोण करन?"

"माळी करन. तू काय माळीण होते?"

"बागेत झाडं कुठं लावायची, ते माळ्याले समजते. पण बागेत माणसं कशी येतीन, ते कोणाले समजते?"

"पायानं येतीन," गुणाकरराव म्हणाले, आणि पुन्हा हसू उसळलं.

कालिंदीची आई, सुनंदाबाई, पोळ्या वाढत होत्या. त्या हसल्या नाहीत. पोळी ताटात टाकता टाकता त्यांनी एवढंच विचारलं, "कालिंदी, मले एक सांग. बाईमाणसाले रिकामा वेळ कधी भेटते, हे शिकवतात का तिथं?"

हसू थांबलं.

"हौ आई. तेच शिकवत असतीन."

"मग शीक," सुनंदाबाई म्हणाल्या आणि तव्याकडे वळल्या.

त्र्यंबकराव काही वाईट माणूस नव्हते हं, मुलांनो. मुलीवर त्यांचा जीव होता. पण हसून झाल्यावर ते गंभीर झाले. "हे पाह्य, कालिंदी. साऱ्या बालाघाटात मले एक माणूस दाखव, जो म्हणन की ह्या गोष्टीत शिकण्यासारखं काही आहे. एक माणूस. मग मी पाठवतो तुले. नाही तर हायर सेकंडरी झाली की बी.ए., मग बी.एड. गुणाकरदादा म्हणतात तसं."

"पाठवान? खरंच?"

"एक माणूस दाखव."

तेव्हापासून कालिंदी तो एक माणूस शोधत राहिली. शाळेतल्या बाईंना विचारलं, त्यांनी तिची पाठ थोपटली आणि गणिताकडे लक्ष द्यायला सांगितलं. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, छंद म्हणून चांगलं आहे. कोणी टर उडवली, कोणी जांभई दिली. एकही माणूस मिळाला नाही.

त्याच दिवसांत मोहल्ल्यातल्या मोठ्या माणसांनी बागेची समिती काढली. अध्यक्ष चिंतामणराव, निवृत्त नायब तहसीलदार. नोकरी संपली होती, पण आवाजातली तहसील संपली नव्हती. बागेचा नकाशा काढायचं काम अर्थातच त्र्यंबकरावांकडे आलं. घरी जमिनीवर मोठा कागद पसरून ते पट्टी-पेन्सिल घेऊन बसायचे आणि कालिंदी कडेला उकिडवी बसून बघायची.

"बाबा, हे दारात काय काढलं?"

"चक्री." त्र्यंबकरावांचा चेहरा खुलला. "मधे एक खांब. त्याले चार लोखंडी दांडे. दांडा ढकलला की चक्री फिरते, अन् एक माणूस आत जाते. एकच. गाय काही केल्या जाऊ शकत नाही."

तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे मोकाट गाई-बैल किती. भाजीच्या गाडीपासून कचेरीच्या व्हरांड्यापर्यंत त्यांना सगळीकडे मुभा. कोणी गुलाब लावला की रात्रीतून फस्त. म्हणून त्र्यंबकरावांनी गाईचा बंदोबस्त आधी केला. मोठं फाटक ठेवलंच नाही. उघडं राहिलं तर?

"पण दार रस्त्याकडं काहून?" कालिंदीनं विचारलं. "आपण सारे तर निंबाकडून जातो."

"बोर्ड रस्त्यावरून दिसला पाह्यजे. उद्घाटनाले साहेबांच्या जीपा रस्त्यावरच थांबतीन ना?"

"बागेत कोण येणार, हे कोणाले विचारलं का?"

"बाग का विचारून करतात?" त्र्यंबकराव म्हणाले आणि खोडरबरानं एक रेघ पुसली.

मी खरं तेच सांगतो. त्या वेळी कालिंदीलाही पुढचं काही सुचलं नव्हतं. तिला एवढंच वाटलं, की काहीतरी विचारायचं राहून गेलंय. काय, ते तिला सांगता आलं नाही.

भिंत झाली, पांढरी रंगवली गेली. कडुनिंब भिंतीच्या बाहेर राहिला. रस्त्याकडे चक्री बसली. आणि सगळं झाल्यावर लक्षात आलं, की माती दाबायचा मोठा दगडी रोलर आत राहिला आहे. चक्रीतून तो निघेना आणि भिंतीवरून उचलेना. गवताच्या मधोमध तो बसून राहिला.

मैदानात फुटाणे विकणारी गोदाबाई डोक्यावर दुरडी घेऊन रोज आत जायची. आता दुरडीसकट तिला चक्रीतून जाता येईना. तिनं भिंतीबाहेरच बस्तान मांडलं आणि येता-जाता त्र्यंबकरावांना हाक मारायला लागली.

"अवो ओव्हरसियरसायेब! रोलरले घरजावई करून घेतलं जी?"

"निघन, गोदाबाई, निघन."

"कायले निघते आता! बसल्या जागी गवत भेटते त्याले!"

मोहल्ला हसायचा. त्र्यंबकराव छत्री पुढे करून भराभर निघून जायचे.

आणि मग पोळा आला.

तुमच्यापैकी जे आपल्या भागाबाहेर वाढले, त्यांच्यासाठी सांगतो. पोळ्याला शेतकरी आपले बैल सजवतात आणि तोरणाखाली उभे करतात. त्याच्या दुसऱ्या दिवशी असतो तान्हा पोळा, तो मुलांचा. मुलांकडे लाकडाचे बैल असतात, चाकांवरचे. कोणाचा तळहातावर मावेल एवढा, कोणाचा खऱ्या वासराएवढा. त्यांची शिंगं रंगवायची, अंगावर गेरूचे ठसे द्यायचे, झूल घालायची आणि दोरीनं ओढत मैदानात न्यायचं. तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या म्हणायच्या. झडती म्हणजे यमक जुळवून मारलेला टोमणा. पाटलावर मारा, सावकारावर मारा, त्या दिवशी कोणी रागावायचं नाही, असा रिवाज. मग तोरण तुटतं, बैल पुढे निघतात आणि मुलांना खाऊ मिळतो.

आमच्या मोहल्ल्याचा तान्हा पोळा वर्षानुवर्षं त्याच मैदानात भरायचा. त्या वर्षी तर समितीला दुप्पट उत्साह. नव्या बागेत पहिला पोळा! आत शामियाना लागला, खुर्च्या लागल्या, दोन बांबूंमधे आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. चिंतामणराव हार घालून मधल्या खुर्चीत बसले. शेजारी गुणाकरराव. त्र्यंबकराव धावपळ करत होते.

बाहेर पोरं जमली. सगळ्यात पुढे टिकाराम, आठ-नऊ वर्षांचा. त्याचा बैल सागाचा, लामत्याच्या त्याच्या दादाजींनी घडवलेला, टिकारामाच्या खांद्याला लागेल एवढा उंच. कपाळावर बाशिंग, गळ्यात घुंगरं. टिकारामानं दोरी ओढली, बैल खडखडत चक्रीपाशी आला, आणि खट्ट! शिंगं एका दांड्याला लागली, पुढची चाकं दुसऱ्या दांड्याखाली गेली.

"मागं घे, तिरपा कर," कोणीतरी म्हणालं.

तिरपा केला. मग पाठ अडकली. उलटा केला, शेपटीकडून. मग शिंगं अडकली. मागे मुलांची रांग वाढत होती, घुंगरं वाजत होती, आणि सगळ्यांच्या लक्षात हळूहळू एकच गोष्ट येत होती. गाय जाऊ नये म्हणून केलेल्या दारातून बैल कसा जाणार? लाकडाचा असला म्हणून काय झालं?

गोदाबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "घ्या! चक्रीले का समजते हा लाकडाचा हाय म्हणून!"

त्र्यंबकराव चक्रीच्या आत उभे होते. त्यांचा हात दांड्यावर होता. त्यांनी दांडा हलवून पाहिला, जसा काही तो आपला नव्हेच.

चिंतामणराव खुर्चीतूनच ओरडले, "गडबड नको! लहान बैल आधी येऊ द्या. मोठे राहू द्या बाहेर. शिस्त पाळा, शिस्त!"

लहान बैलवाल्यांत पहिली सीता. पाच वर्षांची असेल. तिचा बैल तिच्या काखेत मावत होता. ती चक्री फिरवून आत गेली. शामियान्यापर्यंत चालत गेली. खुर्च्या पाहिल्या, रोलर पाहिला, तोरण पाहिलं. मग वळली, चालत परत आली आणि चक्रीतून बाहेर.

"काय झालं ग?" अंजनानं विचारलं.

"आत बैलच नाहीत," सीता म्हणाली आणि टिकारामाच्या बैलाशेजारी आपला बैल ठेवून उभी राहिली.

मग आणखी दोघं-तिघं जात होती, तीही थांबली.

"अरे, मग भिंतीवरून उचलून घ्या!" गुणाकररावांनी सुचवलं.

टिकारामानं बैलाच्या मानेला मिठी मारली. "माहा बैल का उडते? त्याले चाकं आहेत, पंख नाहीत!"

कालिंदी तोवर गप्प उभी होती. गप्प राहायची तिला सवय नव्हती, म्हणून अंजना तिच्याकडेच बघत होती. कालिंदी बघत होती रांगेकडे. काल रात्री पाऊस झाला होता. रस्त्याकडेची जमीन ओली होती, आणि बैलांच्या चाकांच्या रेघा चिखलात उमटल्या होत्या. सगळ्या रेघा निंबाच्या बाजूनं आल्या होत्या. भिंतीला वळसा घालून, चिखल तुडवून, इथवर. तिच्या मनात इतके दिवस जे अडलं होतं, ते तिला समोर जमिनीवर लिहिलेलं दिसलं.

"अंजना," ती म्हणाली, "तोरण सोडून आण."

अंजना चक्रीतून आत गेली आणि सरळ बांबूवर चढली.

"ए पोरी! तोरणाले हात लावू नको!" चिंतामणराव उठून उभे राहिले.

"तोरण बैलांसाठी असते काका," अंजना वरून म्हणाली. "खुर्च्यांसाठी नसते."

"त्र्यंबकराव, ही तुमची मुलगी करवून राह्यली हे! थांबवा तिले!"

त्र्यंबकरावांनी कालिंदीकडे पाहिलं. "कालिंदी. पाहुणे बसले आहेत. आजच्या दिवस ऐक."

"आजच्या दिवस नाही ऐकत, बाबा," कालिंदी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "उद्या काय म्हणान ते म्हणा. पोरं दरवर्षी जिथून येतात, तिथंच पोळा भरन. चला रे, वळवा बैल!"

आणि रांग वळली. टिकारामाचा बैल पुढे, सीतेचा त्याच्या शेजारी, मागे सगळी घुंगरं. भिंतीला वळसा घालून सगळे निंबापाशी आले. निंब आणि विजेचा खांब ह्यांच्यामधे तोरण बांधलं. गोदाबाईनं दुरडी उचलली आणि तीही आली. बघता बघता बाया घराघरातून बाहेर आल्या. सुनंदाबाई पदराला हात पुसत आल्या आणि निंबाच्या मुळावर बसल्या. आत शामियान्यात मोठी माणसं आणि रोलर एवढेच उरले.

किती वेळ बसणार? बक्षिसं त्यांच्याजवळ होती, पण बक्षीस घेणारे बाहेर. शेवटी चिंतामणराव निघाले. चक्रीत शिरले आणि हारासकट, पोटासकट दोन दांड्यांच्या मधे बसले. पुढेही होईना, मागेही होईना. मागून गुणाकरराव ढकलत होते आणि म्हणत होते, "श्वास सोडा, साहेब, श्वास सोडा!" हाराची अर्धी फुलं चक्रीला वाहून ते बाहेर पडले.

निंबाखाली बैल ओळीनं उभे होते. आता झडती कोण म्हणणार? पोरांनी कालिंदीकडे पाहिलं. ती टिकारामाच्या बैलावर हात ठेवून उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"बाग केली, भिंत केली, चक्री लावली दारी,
गाय अडली, बैल अडला, अडली दुरडी भारी,
रोलर झाला घरजावई, खुर्च्यांची रांग न्यारी,
ज्यांच्यासाठी बाग केली, ते उभे बाहेरी!"

"हर हर महादेव!" सगळी पोरं ओरडली. गोदाबाई तर इतकी हसली की डोळे पुसायला लागली. तोरण तुटलं, बैल खडखडत पुढे निघाले, चिंतामणरावांनी नाइलाजानं खाऊ वाटला. टिकारामाला पहिलं बक्षीस देताना ते पुटपुटले, "बैल चांगला आहे, पण डोईजड आहे."

पण एका माणसाला हसू आलं नव्हतं. त्र्यंबकराव भिंतीला टेकून उभे होते. झडतीत त्यांचं नाव नव्हतं, पण चक्री कोणाची ते सगळ्यांना ठाऊक होतं.

गुणाकरराव तरातरा आले. "शाबास! बापाची अब्रू रस्त्यावर आणली. अन् म्हणे ग्वाल्हेरले शिकाले जाते!"

"झडतीचा राग धरत नसतात काका."

"वकिलाशी हुज्जत नको घालू! कबूल कर, चुकलं म्हणून."

"झडती म्हणून काही चुकली नाही मी," कालिंदी म्हणाली. मग ती वडिलांच्या समोर जाऊन उभी राहिली. "बाबा, तुम्ही भिंत किती सरळ बांधली. चक्री किती छान फिरते. पुलाचं शिक्षण घेतलं, म्हणून तुमचा पूल पडत नाही. पण बागेत कोण येते, कुठून येते, हातात काय घेऊन येते, हे पाहाले तुम्हाले कोणी शिकवलंच नाही. मलेही माहीत नव्हतं. नकाशा पाहून मीही गप्प बसली. मले तेच शिकायचं आहे. ह्यात हसण्यासारखं काय आहे?"

सुनंदाबाई निंबाखालून त्यांच्याकडे बघत होत्या. त्र्यंबकरावांनी घसा खाकरला.

"मग सांग. दार कुठं पाह्यजे होतं?"

"त्र्यंबक! पोरीले विचारून आता भिंत पाडशील?" गुणाकरराव म्हणाले.

"दादा, एक मिनिट. बोल, कालिंदी."

तुम्ही मघाशी ठरवलेली जागा आता आठवा. तुम्हाला वाटेल, तिनं लगेच बोट दाखवलं असेल. तिला उत्तर दिसलंच होतं ना चिखलात? पण तिनं बोट दाखवलं नाही. ती मुलांकडे वळली.

"टिकाराम, सीता, सारे ऐका. आपापल्या घरी जा अन् बैल पुन्हा ओढत आणा. भिंत नाहीच असं समजा. जसे दरवर्षी येता, तसे या. गोदाबाई, तू पण. दुरडी घेऊन ये."

"मी का बैल हाय जी?"

"दुरडी तर आहे ना!"

पोरांना काय, आणखी एक फेरी मिळाली. सगळी पांगली आणि वेगवेगळ्या गल्ल्यांतून बैल खडखडत परत आले. अंजनानं घरून फक्कीचा डबा आणला होता. ज्या चाकाची रेघ मऊ मातीत पडे, तिच्यावर कालिंदी मूठ सैल सोडून फक्की टाकत जाई, खो-खोची पाटी आखावी तशी. तळ्याकडच्या गल्लीतून एक पांढरी रेघ आली. शाळेकडून एक आली. गोदाबाईच्या पावलांची आली, मधेच थांबत, वळत. एक रेघ कालिंदीच्या स्वतःच्या घराकडून आली. सुनंदाबाई चालत आल्या होत्या, हातात काही नसताना, आणि तीही रेघ कालिंदीनं आखली.

साऱ्या रेघा निंबाजवळ जवळ जवळ येत गेल्या आणि पांढऱ्या भिंतीच्या एका तुकड्यावर जाऊन आदळल्या. रस्त्याकडच्या चक्रीकडे एकही गेली नाही.

त्र्यंबकराव वाकून त्या रेघा बघत राहिले. त्यांनी मोजमापं आयुष्यभर केली होती, पण असं माप कधी घेतलं नव्हतं. ते एका रेघेवरून चालत भिंतीपर्यंत गेले आणि परत दुसऱ्या रेघेवरून आले. फक्की पुसू नये म्हणून पाय जपून टाकत होते.

"तुले एक माणूस दाखवायचा होता ना मले?" ते हळूच म्हणाले.

"हौ."

त्यांनी शर्टाच्या खिशातला मोजमापाचा फिता काढला आणि त्याचं एक टोक तिच्या हातात दिलं. "ग्वाल्हेरले पोरीइले राहाले जागा आहे का, ते विचारून घ्या लागन."

कालिंदीनं काही म्हणायच्या आत गुणाकररावांचा आवाज आला. "तुम्ही बापलेक काय करता ते करा! पण भिंत समितीची आहे. नवा रंग आहे. चुना-बिना काही लागला त्याले तर चिंतामणरावांसमोर तूच उत्तर दे, कालिंदी. भिंतीले हात लावायचा नाही, सांगून ठेवतो."

टिकारामाच्या बैलाला ठसे देऊन उरलेला गेरू त्यानं एका वाटीत बरोबर आणला होता. कालिंदीनं फित्याचं टोक अंजनाच्या हातात दिलं. वाटी उचलली. भिंतीपाशी गेली, तळहात गेरूत पूर्ण बुडवला, आणि त्या कोऱ्या पांढऱ्या रंगावर खालपासून वरपर्यंत एक लाल पट्टा ओढला. मग बाजूला सरकली. टिकारामानं बैल आणून भिंतीला लावला, सीतेनं आपला त्याच्या शेजारी ठेवला, गोदाबाई दुरडी घेऊन कडेला उभी राहिली. त्या सगळ्यांच्या पलीकडे कालिंदीनं दुसरा पट्टा ओढला.

"दार एवढं रुंद?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

कालिंदीनं वळून निंबाखाली बसलेल्या आईकडे पाहिलं, हात पुन्हा गेरूत बुडवला, आणि आई शेजारून जाऊ शकेल एवढं पुढे सरकून तिसरा पट्टा ओढला.